गिअरबॉक्स उतारना पडी

धुळ्यात पारोळा रोडला एक मेकॅनिक आहे. माणूस इतका टापटिपीचा, की गिऱ्हाइकाच्या गाडीत बसताना चपला बाहेर काढतो आणि काम झालं की ड्रायव्हरच्या पायाखाली काथ्याची जाड चटई हौसेने अंथरून देतो. निदान मात्र एकच: "गिअरबॉक्स उतारना पडी, भाऊ!"

त्याच्याकडून सर्व्हिसिंग करून आणल्यापासून माझ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचा दुसरा गिअर करकरायचा, पडायचाच नाही. पठ्ठ्याने गिअरबॉक्स दोनदा उतरवला. त्याच्या दारात गिअर लोण्यासारखे पडत. जळगावकडे निघालो की फागणे गाव यायच्या आतच पुन्हा करकर. शेवटी रस्त्याकडेला थांबून मीच खाली वाकलो. चटईमुळे क्लच पूर्ण दबतच नव्हता! हा चटई काढून ट्रायल घ्यायचा आणि ती नंतर अंथरायचा.

तणतणत परत गेलो, चटई त्याच्यापुढे आपटली. "हिच्यापायी दोनदा गिअरबॉक्स खोललात? एकदा खाली बघता आलं नाही?"

ओशाळणं दूरच. चटई झटकत म्हणाला, "तुमना पाय खराब व्हतीन ना, भाऊ."

शेजारी गिअरबॉक्स बसवून तयार झालेली एक गाडी उभी होती. चपला काढून तो तिच्यात शिरला आणि तीच चटई त्याने निगुतीने अंथरली.