जागा बघून बंद पडणारी गाडी

शिवणबाई गाडी चालवायला शिकल्या त्या साठी उलटल्यावर, आणि हौस म्हणून तर मुळीच नाही. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. त्या माणसाची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली आणि वाचाही गेली. आठवड्यातून तीनदा व्यायामकेंद्रात न्यायचं होतं, आणि केंद्र होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला. वस्तीत बस येत नव्हती. दारात उभी होती ती यजमानांची बावीस वर्षांची जुनी गाडी. तिला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, बायकोलासुद्धा नाही. आता तीच बायको स्टिअरिंगवर बसली आणि ते डाव्या सीटवर. नशीब माणसाची जागा बदलतं ते अशा साध्या रीतीनं.

वर्षभर गाडी शहाण्यासारखी चालली. मग तिला काय झालं कोण जाणे. सिग्नलला थांबली की एकाएकी बंद. चावी फिरवावी तर डॅशबोर्डवरचा लाल दिवासुद्धा लागत नसे. मागचे हॉर्न वाजवून कान किटवायचे. शिवणबाई उतरून कुणाला तरी हाका मारायच्या, चार माणसं गाडी कडेला ढकलायची, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती आपली आपण सुरू व्हायची. तोवर केंद्रातली वेळ टळलेली असे.

तीन मेकॅनिक झाले. पहिल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच बॅटरी गेली म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं नवी बॅटरी बघून जीभ चावली आणि अल्टरनेटर बदलला. तिसऱ्यानं सगळा डॅशबोर्ड उचकटला आणि परत बसवताना दोन स्क्रू उरवले, ते गाडीतल्या ॲशट्रेत घालून दिले. तिघांनीही आपापल्या दुरुस्तीनंतर गाडी गावभर फिरवून पाहिली, आणि तेव्हा ती एकदाही बंद पडली नाही. तिघांनीही मान डोलावून किल्ली परत दिली. विश्वास कुणावर ठेवायचा, हे कळायला मेकॅनिकच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. तिनं फोनवर शेवटचं सांगून टाकलं, की आता एकदा जरी गाडी रस्त्यात अडली तरी मी येऊन तुम्हा दोघांना इकडे घेऊन येणार, गाडी भंगारात आणि घराला कुलूप. पोरीच्या बोलण्यात माया होती, खोट काढायला जागा नव्हती. पण शिवणबाईंची नजर घरभर फिरली. खिडकीपाशी चाळीस वर्षं एकाच जागी असलेलं शिवणाचं मशीन, माप न घेता ज्यांचे कपडे बेतता येतात अशी गिऱ्हाइकं, मागच्या खोलीत यजमानांचं हत्यारांचं टेबल. हे सगळं तिकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत कसं मावायचं? आणि मावलं तरी ते घर लेकीचं असणार.

नाक्यावरच्या एका टायरवाल्यानं सांगितलं, सबुरीकडे जा. खरं नाव त्याचं त्यालाच ठाऊक. पत्र्याची एक शेड, जुन्या गाडीची सीट हाच बाक, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला, वीज तपासायचा एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. त्या बल्बाखेरीज शेडमध्ये मिरवण्यासारखं काही नव्हतं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस. दोष आपल्या डोळ्यांसमोर घडल्याशिवाय तो पाना उचलत नसे, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून निघून जायची. त्याचं त्याला काही वाटत नसे.

त्यानं बॉनेटकडे पाहिलंही नाही. गाडी बंद पडते तेव्हा आत कोण कोण असतं, एवढंच विचारलं. शिवणबाई म्हणाल्या, मी आणि हे. "मग उद्यापासून तुम्ही, हे आणि मी," तो म्हणाला.

मग तो डाव्या खिडकीशी वाकला, यजमानांना नमस्कार केला आणि गाडी कधी घेतली म्हणून विचारलं. शिवणबाईंनीच सवयीनं उत्तर दिलं. त्यानं ऐकून घेतलं, पण नजर खिडकीवरून हलवली नाही. मिनिटभर तसाच उभा. शेवटी यजमानांचा डावा हात नमस्कारासाठी मांडीवरून चार बोटं वर उठला. तेव्हा कुठे सबुरी सरळ झाला. शिवणबाईंना त्याचा राग आला. एवढा वेळ आहे कुणाला, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आपल्याला असं वाटलं याची लाजही वाटली.

दोन खेपा तो मागच्या सीटवर बसून आला. दोन्ही वेळा गाडी सुरळीत. दुसऱ्या खेपेला त्यानं आपण होऊन सांगितलं, की तरुणपणी हात फार चालायचा. एका गाडीची वायर अंदाजानं बदलली आणि ती गाडी भर रस्त्यात पेटली. मालक वाचला, पण त्याची बोटं भाजली. तो घड्याळजी होता. त्यानं पोलिसांत तक्रार केली नाही, दुकान मात्र बंद केलं. त्या दुकानावरून मी आजही जात नाही, लांबून वळसा घालतो, असं सबुरी म्हणाला.

तिसऱ्या खेपेला, पाण्याच्या टाकीजवळच्या सिग्नलला, गाडी गेली. शिवणबाईंनी डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. आता लेक येणार, एवढंच त्यांना सुचलं. सबुरी मात्र जागचा हलला नाही. आजवर कधी चालत्या गाडीत, उतारावर, वळणावर ती बंद पडली का, हे त्यानं विचारलं. कधीच नाही, त्या म्हणाल्या.

"बिघाड जागा बघत नाही, काकू," तो हळू म्हणाला. "ही गाडी जागा बघते."

दोघांतिघांच्या मदतीनं त्यानं गाडी कडेला घेतली. डावा दरवाजा उघडला, गुडघ्यावर बसला, सीटच्या दाराकडच्या बाजूची चटई उचलली आणि खिशातला तो बल्ब तिथल्या वायरींना लावून पाहिला. मग तो थांबला. तिथं वायरीचा एक जोड होता. कथलाचा डाख दिलेला, वर मेणाच्या दोऱ्यानं एकसारखा आवळलेला, आणि त्याच्या पुढे नखाएवढा स्विच. बराच वेळ तो ते काम पाहत राहिला. नंतर मान वर करून यजमानांना म्हणाला, "हा हात तुमचा. असा जोड आता कोण करतं?"

यजमानांनी डोळे मिटले, उघडले.

सबुरीनं चटई होती तशी टाकली. "दोष सापडला, काकू. पण तो सांगण्याचा हक्क माझा नाही." मग यजमानांकडे वळला. "काका, तुम्ही दाखवता, का मी सांगू?" आणि उत्तराची वाट बघायला म्हणून तो जाऊन टाकीच्या भिंतीशी, गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

यजमानांनी डाव्या हातानं शिवणबाईंचा हात धरला, आपल्या मांडीवरून पलीकडे ओढला आणि सीटच्या कडेनं खाली नेला. त्यांना जवळजवळ आडवं व्हावं लागलं. बोटांना स्विच लागला. टक्. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. टक्. गेला.

पूर्वी गल्लीत गाड्या चोरीला जायच्या. चोर शोधणार ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून या माणसानं कुलूप केलं होतं ते उलट बाजूला. पहाटे हत्यारांची पिशवी डावीकडे ठेवताना उघडायचं, परतल्यावर पिशवी काढताना लावायचं. बायको गाडी चालवत नव्हती, म्हणून तिला सांगायचं राहिलं. सांगायची वेळ आली तेव्हा जीभ गेली; ती चालवू लागली त्या दिवशी डाव्या सीटवर बसून त्यांनीच ते उघडून ठेवलं होतं.

शिवणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने! चार महिने भर रस्त्यात आपली शोभा झाली, आणि हे शेजारी बसून बटण दाबत होते? आपण माणसं गोळा करायला उतरलो की पुन्हा चालू करून ठेवत होते? "का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच सुरुवात केली: व्यायामाचा कंटाळा येतो म्हणून? केंद्रातली ती बाई ओरडते म्हणून? दुखतं म्हणून? प्रत्येक प्रश्नामागे त्या उत्तरही देत होत्या. तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली ती किडकिडीत पाठ त्यांना दिसली. त्या गप्प झाल्या.

सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला.

यजमानांनी शिवणबाईंचा उजवा तळवा उताणा केला. रोज यजमानांना उचलून, टेकवून, वळवून अंगठ्याच्या मुळाशी सूज आली होती. मनगटाला पट्टा होता. दोन महिने त्या हातानं कात्री नीट चालत नव्हती, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनी त्या सुजेवर आपला अंगठा ठेवला. मग शिवणबाईंच्या मांडीवरच्या पर्समधला फोन बाहेर ओढला. पडद्यावर लेकीचा फोटो होता. त्यावर त्यांनी बोट टेकवलं, मग पुन्हा सुजेवर, मग पुन्हा फोटोवर.

शिवणबाईंना कळलं. गाडी थकली की आपली बायको थांबेल, लेकीकडे जाईल, हिच्या हाताला विसावा मिळेल. सांगायला वाचा नव्हती, म्हणून माणसानं गाडीला बोलायला लावलं. तेही गाडी उभी असतानाच, हिला इजा होऊ नये अशा जागा बघून. शिवणबाई भर रस्त्यात रडल्या. यजमानांची वाचा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"मला विसावा नकोय हो," त्या म्हणाल्या. "मला आपलं घर हवंय. तुम्हाला काय हवंय?"

आणि या वेळी त्या थांबल्या. मागून एक ट्रक गेला, गाडी हादरली. त्यांनी काही सुचवलं नाही, वाक्य पुरं केलं नाही. यजमानांचा हात हळूहळू खाली गेला. टक्. लाल दिवा लागला. मग त्यांनी तो हात वर आणून दोघांच्याही डोळ्यांसमोर, डॅशबोर्डवर ठेवला.

सबुरी परत आला तेव्हा त्यानं विचारलं, स्विच काढून वायर सरळ जोडून देऊ का? शिवणबाई नको म्हणाल्या. "नाही म्हणायला त्यांच्याकडे दुसरं काय आहे?" सबुरीनं मान हलवली. उरलेले दोन स्क्रू मात्र त्यानं ॲशट्रेतून काढून त्यांच्या जागी बसवले आणि तो तिथूनच पायी परत निघाला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. शिवणबाईंनी तिला सांगितलं की हात दुखतो, डॉक्टरला दाखवणार आहे, आणि बाबांना उचलायला सकाळी एक माणूस ठेवणार आहे. एवढं त्या याआधी कधीच बोलल्या नव्हत्या. लेकीनं डॉक्टरची वेळ उद्याच घ्यायला बजावलं. मग तिनं गाडीचं विचारलं, शेवटी दोष तरी काय निघाला?

"एक जोड होता," शिवणबाई म्हणाल्या. "ज्यानं केला होता त्यालाच विचारायचं होतं. तेवढं राहून गेलं होतं."