काठावरची घंटी

पौषातल्या धुक्याला ओल्या गवताचा आणि शेवाळाचा वास येतो, आणि तो आला की मला नवेगावच्या तलावाकाठी उभी असलेली आई आठवते. मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा शाळेत शिक्षक. त्यांनी हौसेनं एक छोटा डोंगा घेतला होता आणि सुटीच्या दिवशी सकाळी ते एकटेच तो वल्हवत तलावात जात. एकदा धुक्यात त्यांना काठच सापडेना. ऊन चढल्यावर ते परतले, तोवर आईनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही तिघं गोंदियाच्या बाजारात गेलो. बाबांना तीन सेलची बॅटरी पसंत पडली. दुकानदारही म्हणाला, "ले लो गुरुजी, दूर तक दिखेगा." आई म्हणाली, "धुक्यात उजेड कायले पायजे? आवाज पायजे," आणि तिनं पितळेची एक जड घंटी उचलली. बाबा हसले, "मी वल्हं मारू का घंटी वाजवू?" "घंटी माह्याजवळ राहील. मी काठावरून वाजवीन, तुमी आवाजाकडे या." पुढच्या दाट धुक्यात ती कितीतरी वेळ घंटी वाजवत राहिली. अखेर डोंगा काठाला लागला. "काऊन उशीर केला? हात दुखून राहिले माहे!" ती रागावली. बाबा हळूच म्हणाले, "मी कवाचा जवळच होतो. ऐकत बसलो होतो." आईनं पदरानं त्यांचे ओले केस पुसले. मला तेव्हा बाबांचा रागच आला होता. आज माझी वाट बघणारं घरी कुणी उरलं नाही, आणि ते पाण्यात का थांबले होते ते मला कळतं.