जास्वंदीचा सदरा

इमारती बाहेरून धुण्याचं काम करणाऱ्या त्या टोळीत भावोजींना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ते मालकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालक त्यांना भावोजी म्हणे, म्हणून पंपावरचा माणूस भावोजी म्हणे, गाडी चालवणारा भावोजी म्हणे, आणि ज्यांना सख्खी काय, चुलत बहीणसुद्धा नव्हती असे लोकही बिनदिक्कत भावोजी म्हणत. इतके मेहुणे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नसतील. खरा मेहुणा, म्हणजे मालक, तेवढा त्यांच्यासमोर बिचकून वागे.

भिंतींवर शेवाळ चढतं, खिडक्यांखाली काळे ओघळ उतरतात, कोपऱ्यांत बुरशी धरते. त्यावर ब्लीचचं पाणी फवारायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग वरून खाली धुऊन काढायचं, एवढाच तो धंदा. भिंत उजळते, पण तेच पाणी खालच्या झाडांवर पडलं तर झाडं करपतात. म्हणून भिंतीला हात लावण्याआधी झाडांना आणि मुळाशी मातीला साध्या पाण्यानं चिंब करायचं. तहान भागलेलं झाड वरून आलेलं पाणी फारसं पीत नाही. मग झाड झाकायचं, पन्हळीचं तोंड वाफ्याकडून दुसरीकडे वळवायचं, आणि काम आटोपलं की झाकण काढून पानं पुन्हा धुवायची. भिंती बाकीच्यांच्या आणि झाडं भावोजींची, अशी वाटणी होती.

भावोजी मूळचे शिंपी. त्यांचं दुकान बंद पडलं ते काही गाजावाजा करून नाही. आधी नवे कपडे शिवायला यायचे थांबले, मग सैल-घट्ट करायचे तेवढे येऊ लागले, शेवटी चेन बदलायची कामं राहिली, आणि एक दिवस तीही राहिली नाहीत. घरी बसल्यावर त्यांनी वर्तमानपत्र इतकं बारकाईनं वाचायला घेतलं की बायकोला धास्ती वाटली. ती उठली आणि भावाकडे गेली.

"यांना कामावर घे," ती म्हणाली. "पण एक ध्यानात ठेव. शब्दानं दुखवायचं नाही. माणूस मानी आहे."

भावानं ते नको तितकं मनावर घेतलं. शिडीवरच्या माणसाला तो तळमजल्यावरून वाटेल ते बोले, पण भावोजींशी बोलताना त्याची वाक्यं अर्ध्यात अडखळत. "भावोजी, तुम्हाला बरं वाटत असेल तर त्या कुंड्या जरा... नाही, राहू द्या. मी सांगतो कुणालातरी." पहिला चहा भावोजींना. गाडीत एक घडीची खुर्ची खास त्यांच्यासाठी ठेवलेली होती. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे, आणि लाजेपोटी भावोजीही बसत नसत, त्यामुळे ती सगळ्या इमारती पाहून परत येई.

एखाद्याला हा थाट मानवला असता. भावोजींना तो खुपत होता. दुकानात असताना गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून सांगे, बाही आखूड झाली, पाठीत झोळ आलाय, मुंढ्यात ओढतंय. तेव्हा भावोजींच्या कपाळाला आठी पडे. आता त्यांना त्या गिऱ्हाइकांची आठवण येई. इथं झाड नीट झाकलं काय आणि अर्धं उघडं टाकलं काय, "वा भावोजी" ठरलेलं. एकदा त्यांनी परीक्षा पाहायला एक कुंडी मुद्दाम उघडी ठेवली. पंपावरच्या माणसानं ती पाहिली, चकार शब्द काढला नाही, आणि मुकाट्यानं स्वतः झाकली. भावोजींना ते फार लागलं. आपण इथं कामाला नाही, आपल्याला सांभाळून घेतलंय, हे त्यांना त्या कुंडीनं सांगितलं. आयुष्यभर हातातल्या कसबावर जगलेल्या माणसाला ते गिळणं जड जात होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की काम असं करायचं की लोकांना भावोजी बाजूला ठेवून कामाकडे बघावं लागेल.

तोवर झाडं झाकली जात ती जुन्या चादरींनी. चादर वरून भिरकावायची, कडांवर विटा ठेवायच्या, झालं. शिंप्याच्या डोळ्याला तो प्रकार कधीच रुचला नव्हता. दातांच्या दवाखान्याचं काम ठरलं आणि मेहुणा इमारत बघायला गेला, तेव्हा भावोजीही बरोबर गेले. गळ्यात टेप होती. पायऱ्यांच्या बाजूला एक जास्वंद होती, डेरेदार, माणसापेक्षा उंच. दातांच्या डॉक्टरीणबाई एक रुग्ण संपला की दुसरा खुर्चीवर बसेपर्यंत बाहेर येऊन तिला पाणी घालत. दात काढून झालेले रुग्ण तोंडात कापूस धरून तिच्या सावलीत बसत. भावोजींनी तिची मापं घेतली. उंची, घेर, खांदे, दोन बाजूंना पसरलेल्या दोन मोठ्या फांद्या. मेहुणा बघत राहिला, पण भावोजींना काय करताय असं विचारणार कोण?

घरी मशीन पुन्हा चालू झालं. चादरी कापल्या, बेतल्या, शिवल्या. फांद्यांना बाह्या, वर कॉलरीसारखी गळ्याची पट्टी, खाली नेफा आणि त्यात नाडी. एक चुणी नाही. कामाच्या दिवशी सकाळी भावोजींनी जास्वंद भिजवली, तिला तो सदरा चढवला, नाडी आवळली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. बेत असा बसला होता की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

टोळी हातातलं काम टाकून बघायला आली.

"भावोजी, एवढं नटवलंय," फवाऱ्या म्हणाला, "आता एखादं स्थळ बघून टाका."

फवाऱ्या म्हणजे शिडीवर चढून ब्लीच मारणारा माणूस. तोंडानं फटकळ, पण कामात नेमका. सगळे हसले. भावोजीही हसले. मेहुणा म्हणाला, "वा भावोजी." या खेपेला मात्र ते ऐकून त्यांना बरं वाटलं.

भिंत धुऊन झाली. सदरा ओला होऊन झाडाला घट्ट चिकटला होता. नाडी फुगून गाठ सुटेना, बाह्या फांद्यांवरून निघेनात. चादर असती तर एका झटक्यात ओढली असती. भावोजींनी सावकाश, टाका न उसवता, तो उतरवला. पानं धुतली. दवाखाना नव्यासारखा दिसत होता.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. मेहुणा, फवाऱ्या आणि भावोजी गेले. बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या.

"भिंत छान झाली," त्या म्हणाल्या. "झाड बघा."

एवढं बोलून त्या आत गेल्या, कारण खुर्चीवर कुणीतरी तोंड उघडून बसलं होतं.

जास्वंद करपली होती. मेहुण्यानं झाडाकडे पाहिलं आणि तो फवाऱ्याकडे वळला.

"ब्लीच किती टाकलंस?"

"नेहमीच्या मापानं."

"मापानं टाकलंस, मग झाड काय लाजून काळं पडलं? शिडीवर चढलास की तुझं डोकं खाली राहतं. किती वेळा सांगायचं?"

"अहो, पण मी..."

"उद्यापासून येऊ नकोस."

 बोलण्यात कुणाला हार न जाणारा फवाऱ्या पायांतल्या बुटांकडे बघत राहिला. घरात कमावणारा तो एकटा होता, आणि ते मेहुण्यालाही ठाऊक होतं.

भावोजी मात्र झाडाजवळ गेले होते. पानं सरसकट जळाली नव्हती. वर, खांद्याशी, एक करपलेला पट्टा होता. तिथून दोन्ही कुशींना सरळ रेघा खाली उतरल्या होत्या. दोन मोठ्या फांद्यांवर बाहीच्या तोंडाशी कडी उमटली होती आणि खाली, नाडीच्या जागी, पानं पार झडून गेली होती. मधला भाग, जिथं कापड जरा सैल होतं, हिरवा होता. या रेघा जगात एकाच माणसाला वाचता आल्या असत्या. जिथं जिथं कापड ताणून बसलं होतं, तिथं तिथं विषारी पाण्यानं भिजलेलं कापड पानांना चिकटून राहिलं होतं. जितकी फिटिंग चांगली, तितकं झाड वाईट भाजलं होतं.

गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. त्यांच्या मनात तो विचार आला, आणि येऊन गेला.

"त्याला पाठवू नकोस," भावोजी म्हणाले. "हे माझं आहे."

"काय तुमचं?"

"चूक. ही बघ माझी शिलाई. हा खांदा, ही बाही. सदरा मी अंगाबरोबर शिवला. कापड पानांना चिकटलं आणि ब्लीच तिथंच धरून बसलं. चादर टाकली असती तर काही झालं नसतं."

मेहुण्यानं रेघा पाहिल्या. त्याला पटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग तो चेहरा मवाळ होत गेला, आणि भावोजींना पुढचं वाक्य ते येण्याआधीच ऐकू आलं.

"राहू द्या भावोजी. होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाईंशी मी बोलतो. तुम्ही गाडीत बसा, ऊन आहे."

"आणि याला?"

"याला काय. याला ठेवतो. विषय संपला."

"संपला नाही," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "याला जे बोलत होतास, ते मला बोल."

"भावोजी, असं काय करता? ताई मला घरात घेणार नाही."

"ताईचं नंतर बघू. याचं झाड जळलं तर तू त्याला घरी पाठवतोस आणि माझं जळलं तर मला सावलीत बसवतोस. मी कामाला आहे की नाही, एवढं सांग. नसेन तर तसं सांग, मी घरी जातो. असेन तर बोल."

फवाऱ्यानं वर पाहिलं. मेहुणा कावराबावरा झाला. त्यानं कपाळ पुसलं, रस्त्याकडे पाहिलं, बहीण तिथं कुठं उभी नाही याची जणू खात्री केली, आणि एक मोठा श्वास घेतला.

"झाड काय लग्नाला निघालं होतं?" तो म्हणाला. सुरुवातीचा आवाज दबका होता, पण पुढे पुढे त्याला सूर सापडला. "कॉलर कशाला लावली त्याला? मला सदरा नको होता भावोजी, झाड जिवंत हवं होतं. ओलं कापड पानांवर एवढा वेळ ठेवलंत. नाडी सुटेना तर कापायची. तुम्ही टाके जपत बसलात. मी बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळी झाकणं उसवा. सैल करा. चारी बाजूंनी हातभर मोकळं पाहिजे, आणि एका ओढीत निघालं पाहिजे. परवाच्या कामाआधी मला पाहिजेत. नाही झाली तर तुम्हाला पंपाचा पाइप ओढायला लावीन."

बोलून झाल्यावर त्याला घाम फुटला होता.

"बरं," भावोजी म्हणाले.

मग तिघांनी मिळून करपलेलं सगळं छाटलं. नाडीच्या जागी फांद्यांची सालही गेली होती, म्हणून वरचं हिरवंही तिथूनच कापावं लागलं. जास्वंद गुडघ्याएवढी उरली. जगेल की नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भावोजींनी तिच्या मुळांशी भरपूर पाणी सोडलं. परत जाताना छाटलेल्या फांद्यांमुळे गाडीत जागा कमी पडत होती, म्हणून फवाऱ्यानं घडीची खुर्ची उघडली आणि कुणाला न विचारता तिच्यावर बसला.

घरी बायकोला चेहरा वेगळा दिसला.

"काय झालं हो?"

"तुझा भाऊ आज मला बोलला. चांगला फाडफाड बोलला. माणसांदेखत."

तिनं फोनच उचलला. "त्याला मी बजावलं होतं. थांबा, आता माझं ऐकू दे त्याला."

"ठेव तो फोन," भावोजी म्हणाले. "आणि ही चादर त्या टोकाला धर."

ती चादर धरून उभी राहिली. तिला काही उमगेना. नवरा खडूनं रेघ ओढत होता आणि गुणगुणत होता, दुकान चालू होतं तेव्हा गुणगुणायचा तसा. मशीन चाललं. पहिलं झाकण शिवून झालं तेव्हा तिनं ते हातात उचलून धरलं, उलटसुलट करून पाहिलं. इतक्या वर्षांत या घरात असं काही शिवलं गेलं नव्हतं.

"अहो, हे केवढं ढगळ झालंय."

"ढगळच पाहिजे. मालकांनी सांगितलंय."

"कुठले मालक?"

"तुझा भाऊ," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी दुसरी चादर ओढून घेतली.