डोकं शाबूत आहे

माझी धाकटी बहीण पेणच्या एका गणपती कारखान्यात आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम सगळ्यांच्या हाती देत नाहीत. बहिणीला ऑटिझम आहे. ती फारशी बोलत नाही, काम करताना पुढेमागे झुलते, कुणी अचानक हात लावला तर कान झाकून ओरडते. आखणी तिला शेजारच्या पाटावरच्या बाईने शिकवली. ती बाई अष्टमी गावची, आम्ही शेजारच्या वरसे गावचे. तिघंही रोज एकाच एसटीने पेणला जायचो. काही महिने मनोरुग्णालयात राहून आल्याचं त्या बाईने मला प्रवासात सांगितलं होतं. कारखान्यात कुणाला ते माहीत नव्हतं.

माझा डावा पाय पोलिओने अधू झाला. पेणमधल्याच एका दैनिकात मी नोकरीला आहे; तिथल्या मुलाखतीत संपादकांनी कुबडीकडे पाहत विचारलं होतं, "धावपळ जमेल?" मी म्हणालो, "पाय अधू आहे, डोकं शाबूत आहे." ते हसले. नोकरी मिळाली. पुढे हे वाक्य मी गरज पडेल तिथे वापरलं.

यंदा गणपतीला दीड महिना असताना कारखानदारांनी मला बोलावून घेतलं. एका गिऱ्हाइकाने बहिणीला झुलताना पाहिलं होतं.

"वेडीने डोळे काढलेली मूर्ती घरात नको, सांगून गेला," ते म्हणाले. "तुमचं पायाचं वेगळं हो. पण हिला ठेवायची कशी?"

"ती वेडी नाही," मी म्हणालो. "वेडी माणसं इस्पितळात राहून येतात, गोळ्यांवर असतात. हिचं तसं काही नाही. हिचं डोकं शाबूत आहे."

शेजारच्या पाटावरचा ब्रश थांबला. कारखानदारांनी तिकडे पाहिलं. ती बाई रोज जेवणानंतर गोळी घ्यायची.

"काय गो, तुझी गोळी बीपीचीच ना?"

"नाय."

"मग कसली?"

"डोक्याची."

रंग कालवणारा एकजण म्हणाला, "तरीच बाप्पा यंदा डोळे वटारून बघतायत!" सगळे हसले. बाईने ब्रश धुतला, पदराला हात पुसले आणि ती निघून गेली.

बातम्यांतून 'अपंग' शब्द काढून तिथे 'दिव्यांग' लिहिणं हे माझं रोजचं काम. मला वाटायचं, तेवढं पुरतं. आपली जागा राखायची तर दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवायचं, हे मी मुलाखतीच्या दिवशीच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर भेटली. धाटावला, कंपनीत साफसफाईचं काम विचारायला निघाली होती. मी माफी मागू लागलो.

"तुमच्या बहिणीचं काम टिकलं ना? मग झालं," ती म्हणाली आणि दुसऱ्या गाडीत चढली.

बहिणीने त्या दिवशी ब्रश उचलला नाही. रिकाम्या पाटाकडे तोंड करून ती झुलत राहिली. पुढचे दोन दिवसही तसेच गेले. चौथ्या दिवशी कारखानदार म्हणाले, "उद्यापासून हिला आणू नका." मी तिचे ब्रश गोळा केले. ती आधीच दाराबाहेर जाऊन उभी होती.