हात बसलेला नाही

पन्नाशी ओलांडलेले आम्ही सहा-सात जण दर रविवारी सदाशिव पेठेतल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, प्राचीन काळच्या लढाया लढतो. सैनिक इंचभर उंचीचे, ज्याचे त्याने रंगवलेले. बायको याला भातुकली म्हणते. नवा सैनिक टेबलावर उतरण्याआधी मी तपासायचा, असा आमच्यात रिवाज होता. भिंगातून ढाल, भाला, डोळे बघायचे आणि चिठ्ठीवर शेरा लिहायचा. माझ्या शेऱ्यांना मंडळी टरकून असत. मला त्याचा अभिमान होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

हा नाद मला लावला दादानं, माझ्या थोरल्या भावानं. त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, डाव्याला काम द्या, नाहीतर माणूस खचेल. तो पुण्याबाहेर, मांजरी गावात राहायचा. मी फोनवर चौकशी करायचो, म्हणजे त्याची तब्येत विचारून स्वतःच्या लढाया सांगायचो. त्यानं डाव्या हातात ब्रश धरलाय, हे मला कुणी सांगितलं नाही. त्यानंच सांगू दिलं नव्हतं.

एका रविवारी वहिनी एक रोमन सैनिक रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. ओळखीतल्या एकांनी रंगवलाय, म्हणाल्या, जरा बघून लिहून द्या. मी भिंग लावलं. झग्याचा लाल रंग ढालीवर ओघळलेला, एक डोळा जवळजवळ कपाळात. भोवती मंडळी उभी, त्यामुळे मला चेव आला. लिहिलं, 'हात बसलेला नाही. तोवर सैनिकांना त्रास देऊ नये.' सगळे हसले. वहिनींनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. चहाला थांबल्या नाहीत.

संध्याकाळी दादाचा फोन आला. जीभ अजून जडच होती.

"चिठ्ठी वाचली. बरोबर आहे तुझं. उजवा बसला तो उठत नाही, आणि डावा काही बसत नाही."

दुसऱ्या दिवशी नवा, गोडगोड शेरा लिहून मी मांजरी गाठली. त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "पेपर कुणाचा ते कळल्यावर परीक्षकानं गुण वाढवलेत." मग वहिनींना माझ्यासाठी पोहे करायला सांगितले. आणखी एक तरी रंगव, म्हणून मी गयावया केली. तो म्हणाला, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

त्यानं पुन्हा ब्रश धरला नाही. दोन वर्षांनी तो गेला. वहिनींनी त्याचा खोका माझ्या हातात दिला. आत अस्तराचा करडा रंग दिलेले सैनिक, बिनडोळ्यांचे. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

"तुमचं काही नाही हो, भाऊजी. फक्त, रंगवायला बसले की तासभर मला हाक मारायचे नाहीत. तेवढ्यात मी बाहेर चार पावलं चालून यायचे."

पुढची दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या.