दोन किल्ल्यांचं कपाट

दवाखान्यातले किस्से साठवावे लागत नाहीत. चपलेला काळी माती चिकटते तसे ते आपोआप चिकटतात आणि घरापर्यंत येतात. यवतमाळच्या आमच्या छोट्या ट्रस्ट हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच. अडचण एवढीच, की माझ्या प्रत्येक किश्शात शेवटी टाळ्या डॉ. राठोडला पडतात.

राठोड आमचं पेन क्लिनिक बघतो, म्हणजे कॅन्सरची वगैरे जुनाट दुखणी. नेरजवळच्या तांड्यावरचा आहे, माझ्याहून बराच लहान. मला त्याचा हेवा वाटतो, सरळच सांगते. दिसण्याचा नाही, डिग्रीचाही नाही. लोक त्याला आकडा खरा सांगतात, याचा.

आकडा म्हणजे दुखण्याचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. त्यावर मॉर्फिनचा डोस ठरतो. आकडा खोटा, तर डोसही चुकणार. आणि माझ्याच घरी माझे बाबूजी, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला, भिंत धरून संडासला जातात, आणि मी विचारलं की म्हणतात, "शून्य."

*

मुकुटबनच्या एका काकूंचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. पाठीत भुलीचं इंजेक्शन देताना मी त्यात अगदी थोडं मॉर्फिन घातलं. त्यानं पुढे बराच वेळ जखम दुखत नाही. कधीकधी नाक तेवढं खाजतं. ती ॲलर्जी नसते, औषधाचाच गुण असतो.

काकूंचं नाक खाजलं. नेमका राठोड वॉर्डातून चालला होता. त्यानं सिस्टरला हाक मारली आणि खाजेसाठी मी आधीच लिहून ठेवलेलं इंजेक्शन द्यायला सांगितलं. बस, एवढंच केलं त्यानं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या. डबा माझ्यासमोरून गेला आणि राठोडच्या हातात पडला. मला म्हणतात, "मॅडम, तुमच्या इंजेक्शननं नाक लय खाजलं. साहेबानं थांबवलं."

न राहवून मी विचारलं, "काकू, अन् पोटावर एवढी मोठी चीर आहे, ती नाही दुखली?"

"नाई ना. ते दुखलंच नाई. जे दुखलंच नाई त्याचे पेढे कोणाले द्यायचे?"

*

राजूरचे रहीम चाचा. खाणीवरचे ट्रक दुरुस्त करण्यात जन्म गेला. आता आतड्याच्या बाजूची गाठ, आणि दुखणं असं की बसवेना. मी विचारलं तर म्हणाले, "तीन होगा." राठोडनं विचारलं तर "आठ." एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसून!

मॉर्फिन सुरू केलं. सोबत पोट साफ होण्याचं सिरप घ्यायलाच हवं, हे मी त्यांना कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. मॉर्फिन मेंदूकडे जाणारी वेदना अडवतं तसं आतड्याची हालचालही अडवतं. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, शरीराला त्यांची सवय होते. पण बद्धकोष्ठाची सवय कधीच होत नाही. चित्र चांगलं आलं होतं, हे मी आजही सांगते.

चाचांनी सिरप घेतलं नाही. पुढच्या वेळी आले ते वाकूनच. "मॅडम, इंजन एकदम मस्त. सायलेन्सर जाम."

राठोड मागून म्हणाला, "चाचा, हे इंधन असंच आहे. जोवर हे टाकाल तोवर सायलेन्सर साफ करावाच लागतो."

चाचांनी त्याच दिवशी सिरप सुरू केलं. राजूरला सगळ्यांना सांगत सुटले, "यवतमाल में एकही डॉक्टर है जो मशीन समझता." माझं आतड्याचं चित्र ते तिथेच टेबलावर विसरून गेले होते.

*

मॉर्फिनच्या कपाटाला आमच्याकडे दोन कुलपं आहेत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी राठोडकडे. एकट्यानं ते उघडायचंच नाही, अशी पद्धत. म्हणजे ज्याचा हेवा वाटतो त्याच्याच खांद्याला खांदा लावून रोज उभं राहायचं.

पेशंट कळवळत असताना मी कधी उशीर केला नाही, तेवढी लाज आहे मला. पण किल्ली मात्र माझीच आधी लागणार, हा हट्ट. राठोड निमूट बाजूला सरकतो. तो भांडत नाही याचाही मला राग येतो.

आमच्या शबाना सिस्टर एकदा म्हणाल्या, "मॅडम, कुलपाले काय समजते कोणती किल्ली पहिली लागली ते?"

"कुलपाला नाही, मला समजतं," मी म्हटलं.

*

वणीकडच्या एका काकांना राठोडनं फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचा, पॅच लावला. छातीवर चिकटवायचा, त्यातून औषध हळूहळू कातडीत उतरतं. काकूंनी पाहिलं, नवऱ्याच्या दुखण्यावर डॉक्टरनं काहीतरी चिकटवलंय. आपल्याकडे दुखऱ्या जागी काय करतात? शेक देतात. काकूंनी तव्यावर फडकं गरम करून पॅचवर मनापासून शेक दिला.

उष्णतेनं औषध भराभर आत गेलं. काकांना आणलं तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अगदी संथ. राठोड त्या दिवशी बाहेरगावी. मी पॅच काढला, ऑक्सिजन लावला, नॅलोक्झोन थोडंथोडं द्यायला लागले. हे औषध मॉर्फिनच्या जातीच्या औषधांना त्यांच्या जागेवरून हुसकावतं. श्वास परत येतो. पण दुखणंही परत येऊ शकतं.

काका जागे झाले ते ओरडतच. "कोण आहे वं ही बाई? कित्येक दिवसानं झोपलो होतो ना मी!"

नॅलोक्झोनचा असर लवकर उतरतो आणि कातडीखाली साठलेलं औषध मागे उरतं. म्हणून दिवसभर मी त्यांच्या खाटेजवळून हलले नाही. दिवसभर त्यांनी मला शिव्या दिल्या. राठोड परत आल्यावर त्याचा हात धरून म्हणाले, "साहेब, तुम्ही असते तर मले कोणी उठवलं नसतं."

मी नसते तर तुम्ही उठलाच नसता, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

*

बाबूजी नेरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी किती लेट आहे हे त्यांनी आयुष्यभर माइकवरून खरं सांगितलं. मला मात्र रोज शून्य. मॉर्फिनचं नाव काढलं की म्हणायचे, "अफू खाऊन पडून राहू काय मी?" दुखण्यासाठी, मापात, डॉक्टरच्या नजरेखाली घेतलं तर माणूस पडून राहत नाही, उलट उठून बसतो, हे मी हजारो लोकांना पटवलंय. त्यांना नाही पटलं. डोस ठरवू तरी कशावरून? शून्यावरून?

शेवटी मीच राठोडला म्हटलं, "रविवारी चहाला ये. सहज." हे वाक्य तोंडातून काढताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

तो आला. बॅग आणली नव्हती. "काकाजी, आमच्या तांड्याची गाडी तुम्हीच सोडत होते ना?" बाबूजी खुलले. मी आत चहा गाळत होते. बाहेर गाड्या, ड्रायव्हर, पंक्चर असं बरंच चाललं. मग राठोडचा आवाज आला, "किती दुखून राह्यलं, काकाजी?"

मग बाबूजी हळूच म्हणाले, "आठ."

गाळणी हातात तशीच राहिली. बापाचं एवढं दुखतंय म्हणून रडू यायला हवं होतं. आधी आला तो मत्सर. याला आठ मिळाले, आणि मला इतके महिने शून्य.

दुसऱ्या दिवशी बाबूजींना हॉस्पिटलात नेलं; राठोडनं सांगितल्यावर त्यांनी अफूचं नावही काढलं नाही. राठोडनं डोस लिहिला. कपाटासमोर आम्ही दोघं उभे राहिलो आणि मी म्हटलं, "तू लाव आधी."

शबाना सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "काहून मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या रविवारी राठोड पुन्हा घरी आला. बाबूजी भिंत न धरता दारापर्यंत गेले होते, सिरपही वेळेवर घेत होते. राठोडनं विचारलं, "आता किती, काकाजी?"

"दोन," बाबूजी म्हणाले. "गाडी टायमावर आहे."

तो गेल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबूजी, आता मला सांगा. किती दुखतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"शून्य," ते म्हणाले. "तू जेवली काय?"