सोवळ्यातली अँटेना

एका नवरात्रात मी नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, ओल्या पंच्यानिशी, एक विमान उतरवलं. पायलटचाही थोडा हात होता, नाही असं नाही.

विमानात माझा मेहुणा गिरीश होता. तो मस्कतला नोकरीला. मागच्या सुट्टीत त्याने मला एक स्कॅनर रेडिओ आणून दिला होता. त्यावरचे आकडे आपोआप पळत आणि कुणी बोलताना सापडलं की थांबत. पायलट विमानतळाशी काय बोलतात ते यावर ऐकू येतं, असं गिरीश म्हणाला. (त्याला सरकारची परवानगी लागते, असं नाही म्हणाला.) आमच्याकडे मात्र नुसती खरखर. तळमजला, तिन्ही बाजूंना बिल्डिंगा! गच्चीवर अँटेना लावू का, म्हणून विचारलं तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीत पापड वाळतात." विषय संपला.

आता गिरीश पुन्हा सुट्टीवर येणार होता, आणि मी डोंबिवलीला जाऊन सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सांगून बसलो, "गिरीशचं विमान उतरताना पायलटचा आवाज ऐकवतो तुम्हाला!" काय गरज होती? होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यात अण्णांनी मला एकच काम सांगितलं होतं, फ्यूज बदलायचं. त्यानंतर त्यांची अख्खी चाळ अंधारात गेली. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर हुशार दिसायचं होतं.

मग मी घरातच अँटेना बांधायला घेतली. सिद्धांत सोपा होता: तार जेवढी लांब, तेवढं लांबचं ऐकू येणार. तांब्याची तार आणून छताखालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पाच फेऱ्या मारल्या. बायको, शुभा, म्हणाली, "अहो, मांडव घालताय का?" पण संध्याकाळी पायलट बोलला! घाईघाईत, इंग्रजीत, पण बोलला!

फक्त रोज सकाळी आठ ते दुपारी दोन पुन्हा खरखर. मी रजा काढली होती, त्यामुळे वहीत नोंदी केल्या, वाचनालयातून पुस्तक आणलं आणि सूर्यावरच्या डागांचा रेडिओवर काय परिणाम होतो, ते शुभाला पाऊण तास समजावलं. ती गवार निवडत होती.

"सूर्यावरचे डाग दोन वाजता जातात का हो?" तिने विचारलं. बायकांना विज्ञानाची आवड नसते, असं मी वहीत लिहून ठेवलं.

गिरीशचं विमान अकराला होतं. अण्णा आणि सासूबाई दहालाच आले. अण्णा घड्याळ हातात घेऊन रेडिओसमोर बसले. खरखर! मी बटणं फिरवली. आणखी खरखर!

"सूर्यावरचे डाग," मी म्हणालो.

अण्णांनी वर पाहिलं. "जावईबापू, तुमच्या तारेवर लुगडं वाळतंय."

माझ्या आईचं सोवळ्याचं नऊवारी लुगडं! ओलंचिंब! ते रोज माझ्या डोक्यावर होतं. पण सोवळं वाळत असलं की खाली मान घालून, अंग चोरून जायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी पाच दिवस त्याच्याखालून वाकून गेलो होतो, वही घेऊन.

"आई, हे इथे का घातलंस?"

"मग कुठे घालू?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकी उंच, कुणाचा हात लागायचा नाही. म्हटलं, पोराने आठवणीने बांधली माझ्यासाठी!"

"काढ ना पटकन!"

"तव्यावर पुरणपोळी आहे. करपली तर नैवेद्याला तुझा पायलट ठेवू?"

"मग मी काढतो."

"खबरदार! उद्या अष्टमी आहे. आधी आंघोळ कर."

"सकाळी केली की!"

"त्यानंतर रिक्षाने टेंभी नाक्याला जाऊन आलास. जगाला शिवलास!"

अकराला आठ मिनिटं कमी. मी अंगावर चार तांबे ओतले आणि ओला पंचा नेसून सासुरवाडीसमोर आलो. सासूबाई कॅलेंडर वाचू लागल्या. मी स्टुलावर चढून लुगडं ओढलं, त्याबरोबर भिंतीतला खिळा आला आणि तार सुटली. ती मी हवेतच पकडली, आणि खोलीत पायलट बोलला! अगदी शेजारी बसल्यासारखा!

"गिरीशचंच विमान!" अण्णा ओरडले. पत्रातला नंबर त्यांना पाठ होता. मी आनंदाने तार सोडली. खरखर!

"धरा! धरा ती तार!"

धरली. पायलट परत आला.

आता माझ्या एका हातात तार, दुसऱ्यात लुगडं, आणि पंचा सुटायला लागलेला. तार सोडली तर अण्णा, लुगडं सोडलं तर आई, आणि पंचा सोडला तर सगळेच!

"अहो, लुगडं द्या इकडे," शुभा म्हणाली.

"तू शिवू नकोस गं!" आतून आई.

शेवटी मी तार दातात धरली. आवाज आणखी सुधारला.

विमानाने एकवीस मिनिटं घिरट्या घातल्या. मी तसाच. मग पायलटने उतरल्याचं सांगितलं आणि अण्णांनी डोळे पुसले. "सुखरूप उतरला हो पोरगा!" मलाही भरून आलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुपारी गिरीश घरी आला. छताकडे बघून हसला. "भावजी, एवढी तार कशाला? दोन फुटांचा तुकडा खिडकीत सरळ उभा लावला की झालं." त्याने लावला. पायलट स्वच्छ बोलू लागला. झालं, माझी चार वर्षांची कमाई दोन फुटांत गेली! मी मान खाली घातली.

अण्णांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ठीक आहे रे. पण जावईबापूंची सर नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा! खोटं कशाला सांगू, मी इतका खूश झालो, की कुणी न सांगता स्टुलावर चढलो आणि तार पुन्हा दातात धरली.